कर्णिककाकूंचा काळोखी सिनेमा

सिनेमा सुरू झाला की कर्णिककाकू डोळे मिटून घ्यायच्या. आम्ही बाकीचे टीव्हीकडे बघत असायचो आणि त्या खुर्चीत ताठ बसून, मांडीवर हात ठेवून, नुसत्या ऐकत असायच्या. पहिला प्रसंग संपला की म्हणायच्या, "अहो, मागे घ्या." मग कर्णिककाका रिमोटने सिनेमा परत पहिल्यापासून लावायचे आणि काकू डोळे उघडायच्या. नव्याने येणाऱ्याला हा प्रकार विचित्र वाटायचा. मलाही वाटला होता. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "आधी कोण खोटं बोलतंय ते कळू दे. मग तो दिसतो कसा ते बघू."

परळच्या आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर कर्णिकांचं आणि आमचं दार समोरासमोर आहे. काकूंना जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांच्याबद्दल लिहायचं ठरवलं तेव्हा एक गोष्ट स्वतःशी पक्की केली. मी लेखापरीक्षणाच्या कामातली बाई आहे. जे मी स्वतः पाहिलं ते, आणि जे काकांनी मला सांगितलं ते, दोन्ही वेगळं ठेवायचं. या हकिकतीत तेवढी काळजी घ्यावीच लागते.

रविवारी दुपारी जेवणं आटोपली की कर्णिकांच्या हॉलच्या खिडक्यांवर सोलापुरी चादरी लागायच्या. जमणारे ठरलेले. खालच्या मजल्यावरचे सावंत, बस डेपोतून निवृत्त झालेले. गिरगावहून येणाऱ्या लीलाबाई, काकूंच्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या जुन्या मैत्रीण. आणि मी. माझे यजमान एकदा आले, झोपले, परत आले नाहीत.

लागायचे ते जुने काळे-पांढरे गुन्ह्याचे चित्रपट. बरेचसे अमेरिकन, काही त्याच सुमाराचे मुंबईत काढलेले हिंदी. एखादा साधा नोकरदार माणूस एक चुकीचं पाऊल टाकतो आणि मग त्याला मागे फिरता येत नाही. जिन्याच्या कठड्याची सावली भिंतीवर तुरुंगाच्या गजांसारखी पडते. टोपीखाली डोळे दिसत नाहीत. या प्रकाराला फिल्म न्वार म्हणतात हे काकूंना ठाऊक होतं, पण त्या 'काळोखी सिनेमा' म्हणायच्या. "फ्रेंच शब्द कशाला? काळोख काय आपल्याकडे कमी आहे?"

नटांची खरी नावं त्यांना पाठ होती. तरी त्यांनी प्रत्येकाला घरातलं नातं लावलेलं होतं. एक जाडजूड अमेरिकन खलनायक होता, तो 'अण्णा भाऊजी'. गोड हसून पुरुषांना खड्ड्यात घालणारी एक सोनेरी केसांची नटी, ती 'सांताक्रूझच्या वन्सं'. पोलिसांना बातम्या विकणारा, सतत घाम पुसणारा एक बारका नट होता, तो 'धाकटे मामा'. पडद्यावर वन्सं आल्या की काकू म्हणायच्या, "आल्या. आता गोड बोलून सगळं काढून घेतील बघा." लीलाबाईंनी खऱ्या सांताक्रूझच्या वन्सं पाहिल्या होत्या. त्या म्हणायच्या, "नलू, तुझ्या वन्सं हिच्यापुढे काहीच नाहीत गं. ही निदान दिसायला बरी आहे."

नायकाकडे काकू फारसं लक्ष देत नसत. "त्याच्याकडे कॅमेरा बघतोय. बाकीच्यांना आपण बघायचं." एका सिनेमात अण्णा भाऊजी समोरच्या माणसाला जिवे मारायची धमकी देतात आणि देताना संत्रं सोलत असतात. काकूंनी तो प्रसंग आम्हाला किती वेळा दाखवला असेल. "बघा, तो सालीकडे बघतोय. साल तुटू नये एवढीच त्याला काळजी. समोरच्या माणसाला तो धरतच नाही हिशेबात. मोठ्याने ओरडला असता तर मला काही वाटलं नसतं." दुसऱ्या एका सिनेमात वन्संच्या पाठीमागे दार उघडतं. कोण आलंय ते त्यांना कळलेलं आहे. त्या वळत नाहीत. फक्त खांदे किंचित वर जातात आणि पुन्हा खाली येतात. काकू म्हणाल्या, "पाठीने काम करायला काय लागत असेल." आणि एका हॉटेलच्या कारकुनाचं काम करणारा नट होता, अख्ख्या सिनेमात त्याला एवढंच काम की खुंटीवरची किल्ली काढून द्यायची. ती काढताना त्याचा हात जरासा अडतो. काकू सांगायच्या, "इथे त्याला कळलं की हा माणूस परत येणार नाही." मी घरी येऊन विचार करायचे, आपण तर किल्लीकडेही पाहिलं नव्हतं.

शेवट जवळ आला की काका सिनेमा थांबवायचे. हे त्यांचं ठरलेलं काम. मग ते आत जाऊन चहा करायचे आणि तोवर आम्ही प्रत्येकाने सांगायचं, गुन्हेगार कोण आणि आपल्याला तो केव्हा कळला. चहा होईपर्यंत खुनी सापडायचा नाही. सावंतांना कायम सगळ्यांत सज्जन माणसाचा संशय. "काकी, माका तो डाक्टर बरो दिसना नाय."

"का हो, काय केलं त्याने?"

"काय करूक नाय म्हणानच."

काकू ट्रंक कॉल जोडून देणाऱ्या ऑपरेटर होत्या आणि सुपरवायझर म्हणून निवृत्त झाल्या. माणूस बघण्याआधी ऐकायची सवय तिकडची. एकदा आम्ही दोघी हिंदमाताला साडी घ्यायला गेलो होतो. दुकानातला विक्रेता म्हणाला, "काकू, रंग अजिबात जाणार नाही." काकूंनी डोळे मिटले आणि म्हणाल्या, "परत म्हणा." तो गोंधळला. "रंग जाणार नाही, काकू." "अजून एकदा." तिसऱ्या वेळी तो म्हणाला, "पहिल्यांदा वेगळी धुवा." काकूंनी तीच साडी घेतली. रस्त्यावर आल्यावर मला म्हणाल्या, "खोटं बोलतो, पण त्याला त्याची लाज आहे. अशा माणसाकडून घ्यावं."

भीतीबद्दल त्यांचं म्हणणं असं होतं की ती अनोळखी माणसाची नसते. अनोळखी माणसापासून आपण सावध असतो, त्याची तयारी असते. भीती वाटते ती रोज समोर असलेला माणूस एक शब्द नको तिथे टाकतो तेव्हा. हे त्या सिनेमाबद्दल बोलत होत्या.

मला पहिल्यांदा काही वेगळं जाणवलं ते एका रविवारी. सिनेमा सुरू झाला आणि काकूंनी डोळे मिटलेच नाहीत. पडद्याकडेही त्यांचं लक्ष नव्हतं. काका स्टुलावर रिमोट घेऊन बसले होते आणि काकू त्यांच्याकडे बघत होत्या, जशा एरवी त्या किल्लीवाल्या कारकुनाकडे बघत. पुढच्या आठवड्यात जिन्यात मला थांबवून म्हणाल्या, "शुभा, तू यांना किती वर्षं बघतेयस?"

"आम्ही इथे आलो तेव्हापासून. अठरा-एकोणीस वर्षं झाली."

"मग तुला काही वेगळं वाटत नाही?"

मी म्हणाले, जरा वाळलेत. त्यांनी मान हलवली. "तेवढं तेही करतातच."

'तेही' म्हणजे कोण, ते मी विचारलं नाही. वाक्य नीट ऐकू आलं नसेल असं मानून मी घरात गेले.

त्यानंतरच्या रविवारी इंटरनेट बंद होतं. चादरी लावलेल्या, सगळे जमलेले आणि टीव्हीवर नुसतं गोल गोल फिरणारं चिन्ह. काका म्हणाले, मी चहा ठेवतो, तोवर येईल. ते आत गेले. तेव्हा काकू म्हणाल्या, "आज मी सांगते एक."

आम्ही खुर्च्या जवळ घेतल्या. त्या कथा फार छान सांगायच्या.

"एक बाई आहे. मुलगी लग्न होऊन गेलेली, घरात दोघंच. एके दिवशी नवरा भाजी आणायला जातो. तासाभराने परत येतो. पिशवी ओट्यावर ठेवतो, चप्पल नेहमीच्या जागी काढतो. आणि बाईला कळतं की हा तो नाही."

"जुळा भाऊ," लीलाबाई लगेच म्हणाल्या.

"जुळा असता तर तिला ठाऊक नसतं का? चेहरा तोच आहे. शर्ट तोच. चष्म्याची काडी दोऱ्याने बांधलेली आहे, ती गाठसुद्धा तशीच. सगळं शिकून आलाय. पण तो नाही."

मी विचारलं, "त्याला हवंय काय? घर?"

"तेच तिला कळत नाही. तो काही मागत नाही. चहा करून देतो. गोळ्यांची आठवण करतो. रोज समोर बसतो. तिला कोणाला सांगताही येत नाही, कारण तो सगळ्यांशी चांगला वागतो."

"झकास आहे गं," लीलाबाई म्हणाल्या. "कुठला सिनेमा?"

"मग खरा नवरा कुठे आहे?" मी विचारलं.

काकू आमच्याकडे एकेक करून बघत होत्या. "तेच तुम्हाला विचारतेय. तुम्ही सांगा."

सावंतांनी मांडीवर थाप मारली. "ह्यात सांगूचा काय? खऱ्या घोवाक मारल्यान असतला. रे रोडाक लाकडाच्या वखारीत नेऊन टाकल्यान. थंय कोण बघता?"

काकूंचा चेहरा मी बघितला आणि हसायचं थांबले. त्या पांढऱ्या पडल्या होत्या. तेवढ्यात काका ट्रे घेऊन बाहेर आले, कप पुढे करायला वाकले आणि त्यांच्या चष्म्याची उजवी काडी मला अगदी जवळून दिसली. ती पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली होती.

काका म्हणाले, "कसला सिनेमा चाललाय माझ्याशिवाय?" काकूंनी कप घेतला नाही. त्या खुर्चीतल्या खुर्चीत मागे सरकल्या, जेवढं सरकता येईल तेवढं. काय झालं ते सावंतांना, जिन्यात मी चष्म्याच्या दोऱ्याचं सांगितलं तेव्हा कळलं. ते कठडा धरून बराच वेळ उभे राहिले. "मी खयचा काय बोलान गेलंय," एवढंच म्हणत राहिले. पण दुसऱ्या कुठल्या घरात कोणी विचारलं असतं, काकू, बरं नाही का तुम्हाला? आम्हाला वर्षानुवर्षं गुन्हेगार शोधायची सवय लागलेली. आम्ही तोच शोधला.

पुढचं काही दिवसांचं काकांनी सांगितलेलं आहे. काकू त्यांची परीक्षा घेऊ लागल्या. लग्नाआधी आपण पहिल्यांदा कुठे भेटलो, माझ्या आईने तुम्हाला काय खायला दिलं, मुलगी झाली तेव्हा हॉस्पिटलात तुम्ही काय बोललात. काका बरोबर उत्तरं द्यायचे. काकू म्हणायच्या, "चांगलं पाठ केलंयत." एखादं उत्तर चुकलं तर चुकलं म्हणून संशय, आणि बरोबर आलं तर इतकं बरोबर कसं म्हणून.

मग एका सकाळी काका दूध आणायला गेले होते. तिथून त्यांनी घरी फोन केला, अर्धा लिटर आणू की एक. पलीकडे काकू रडायला लागल्या. "अहो, कुठे आहात तुम्ही? किती दिवस वाट बघतेय. तुम्हाला रे रोडला ठेवलंय का?" काका म्हणाले, "अगं, डेअरीवर आहे. आलोच." त्यांना वाटलं, आलं भानावर. धावत जिना चढून आले. काकूंनी दार उघडलं, त्यांना पाहिलं आणि मागच्या मागे स्वयंपाकघरात गेल्या. ओट्याखालची विळी उचलून त्या शांतपणे म्हणाल्या, "त्यांचा फोन आला होता. ते जिवंत आहेत. आता तुमचं काही चालणार नाही."

डॉक्टरांकडे मी बरोबर होते. काकूंची मुलगी अंजू अँटॉप हिलच्या सरकारी वसाहतीत राहते, तीही आली होती. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण समजावून सांगण्यात त्यांनी घाई केली नाही. मेंदूचा आजार आहे. चेहरा ओळखू येतो, पण आपल्या माणसाला बघून आतून जे वाटतं ते वाटत नाही. मग मेंदू स्वतःच कारण शोधतो, की चेहरा तोच आणि वाटत मात्र काही नाही, म्हणजे हा दुसरा कोणी. आवाजाची वाट वेगळी असते, ती अजून शाबूत आहे, म्हणून फोनवर ओळख पटते. औषध देऊ, वेळ लागेल, लागू पडेलच असं नाही. वाद घालू नका. सुऱ्या, विळी उचलून ठेवा. आणि त्यांनी अंगावर धावून जायला सुरुवात केली तर दोघांना वेगळं ठेवावं लागेल.

बाहेर बाकावर अंजू म्हणाली, "बाबा, आई माझ्याकडे राहू दे."

काका म्हणाले, "तिला वाटतंय मला कोणीतरी पळवून नेलंय. आणि आपण तिलाच घरातून उचलून न्यायचं?"

"तुम्हाला काही केलं तिने तर?"

"औषध लागू पडेपर्यंत बघू."

मी सुचवलं होतं की काकूंना डोळे मिटायला सांगून काकांनी समोर बसून बोलावं. मला वाटलं, त्यांचीच रीत आहे. काकांनी सांगून पाहिलं. काकू त्यांच्याकडे एकटक बघत म्हणाल्या, "मी डोळे मिटल्यावर तुम्ही काय करणार आहात?" त्या दिवसापासून त्या समोर कोणी असताना डोळे मिटेनाशा झाल्या. बसल्या बसल्या झोप यायची, मान पडायची आणि दचकून डोळे उघडायच्या.

आता जे सांगते ते माझ्यासमोर घडलं. मी त्या दिवशी घरूनच काम करत होते. दुपारी बेल वाजली. दारात काकू. माझा दंड धरून मला त्यांच्या घरात घेऊन गेल्या, दार लावलं, साखळी चढवली. काका भाजीला गेले होते. "तो येईल आता. आज त्याला आत घेणार नाही. तू साक्षीला थांब." मी थांबले. त्यांना एकटं सोडून चालणार नव्हतं. काकू हॉलमध्ये दाराकडे तोंड करून बसल्या. खिडक्यांवरच्या चादरी कित्येक दिवस निघाल्या नव्हत्या, त्यामुळे भर दुपारी आत अंधार होता.

जिन्यात पावलं वाजली. दाराशी थांबली. किल्ली फिरली, दार साखळीपुरतं उघडलं. काकूंनी ते दोन्ही हातांनी परत ढकलून लावलं आणि मला कुजबुजत म्हणाल्या, "बघ. भिंगातून बघ. आणि मला खरं सांग."

मी दारातल्या भिंगाला डोळा लावला. बाहेरच्या दिव्याखाली एक म्हातारा उभा होता. भिंगामुळे कपाळ मोठं, हनुवटी बारीक, मान मागे गेलेली. हातात पिशवी. तो दाराकडे बघत होता आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. मी प्रामाणिकपणे लिहायचं ठरवलं आहे म्हणून लिहिते. एवढ्या वर्षांचा शेजार, पण त्या क्षणी मला तो माणूस ओळखू आला नाही. माझ्या पाठीवर काकूंचा हात होता, आणि मला वाटलं, यांचं खरं असलं तर?

मग त्या माणसाने पिशवी खाली ठेवली, खिशातून फोन काढला आणि तो पुन्हा काका झाला.

आत काकूंचा फोन वाजला. त्यांनी उचलला आणि त्यांचा आवाज क्षणात बदलला. "अहो, बरं झालं तुम्ही फोन केलात. तो दाराशी आला आहे." काकांना कमी ऐकू येतं, म्हणून त्यांचा फोन कायम स्पीकरवर असतो. मला दारापलीकडून काकूंचंच वाक्य परत ऐकू आलं. काकूंनीही ते ऐकलं असावं. त्या फोन कानाला लावून दाराजवळ आल्या. "बाजूला हो शुभा. तो बाहेर काय करतोय बघू दे."

मी भिंगासमोरून हलले नाही. त्यांनी बाहेर बघितलं असतं तर त्यांना दिसलं असतं की तो माणूस फोनवर बोलतोय आणि त्याच्या ओठांतून नवऱ्याचा आवाज निघतोय. मग तो आवाजही गेला असता. त्यांचं जे एकमेव माणूस उरलं होतं तेही गेलं असतं. मी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाले, "काका, आवाज तुटतोय. उभे आहात तिथून जरा लांब जा, मग बोला."

मग पावलं जिना उतरत गेली, एकेक मजला. काकू भिंगाला डोळा लावून म्हणाल्या, "गेला."

फोन पुन्हा आला तो खालून, वॉचमनच्या केबिनमागून. काका जे बोलले ते मी काकूंच्या शेजारी उभं राहून ऐकलं. "नलू, नीट ऐक. तो जो माणूस घरात येतो ना, त्याला मीच पाठवलंय. तुझी सोबत करायला. माझं इथलं काम झालं की मी येतोच. तोवर त्याला आत घे. तो चांगला माणूस आहे."

काकूंनी बराच विचार केला. "तुमच्यासारखा दिसणारा का पाठवलात?"

"तुला सवय राहावी म्हणून."

त्यांनी साखळी काढली. काका वर आले, उंबऱ्यात उभे राहिले आणि म्हणाले, "येऊ का बाई?"

त्यानंतर काही आठवडे काका स्वतःच्या घरात परक्यासारखे राहिले. हॉलमध्ये झोपायचे. काकूंना 'बाई' म्हणायचे. रोज संध्याकाळी खाली उतरून केबिनमागून बायकोला फोन करायचे, अर्धा-पाऊण तास हसून बोलायचे, आणि मग वर येऊन खाली मान घालून भाजी निवडायला बसायचे. मला वाटायला लागलं होतं की निभावेल.

पण काळोखी सिनेमे पाहिलेल्या बाईला किती दिवस फसवणार? एके संध्याकाळी काकूंनी फोनवर विचारलं, "अहो, तुम्ही हे मनानं बोलताय की तुमच्याकडून कोणी बोलवून घेतंय? तो खाली गेला की मगच तुमचा फोन येतो." काका वर आले तेव्हा त्या दाराआड उभ्या होत्या. विळी आमच्याकडे ठेवलेली होती. पण काचेचा पेला फोडून त्याचा तुकडा त्यांनी पदरात धरला होता. काकांच्या तळहाताला टाके पडले. त्यांनी डॉक्टरांना पेला हातात फुटला असं सांगितलं, पण अंजूला खोटं सांगता आलं नाही.

मी माझ्या घरी त्या दिवसांत यजमानांकडे पाठ करून बोलायचे. ते विचारायचे, काय झालंय? मी म्हणायचे, काही नाही, तुम्ही बोलत राहा.

काकू अँटॉप हिलला गेल्या आणि तिथेच हिवाळ्यात न्युमोनियाचं निमित्त होऊन गेल्या. काका शेवटपर्यंत त्यांच्यासमोर गेले नाहीत, रोज फोन करत राहिले. मी काकूंना शेवटचं पाहिलं ते त्या इथून निघाल्या त्या सकाळीच.

टॅक्सी फाटकाशी उभी होती. अंजूने आईला धरून खाली आणलं. काकांनी सूटकेस आणली, पट्टी बांधलेल्या हाताने ती डिकीत ठेवली आणि ते बाजूला झाले. काकू थांबल्या. त्या दिवशी त्या घाबरलेल्या दिसत नव्हत्या. काकांना त्यांनी डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं, आणि रविवारी ज्या आवाजात बोलायच्या त्या आवाजात म्हणाल्या, "चालणं हुबेहूब जमलंय तुम्हाला. फक्त आमचे हे इतके थकलेले नाहीत हो."

"बरोबर आहे बाई," काका म्हणाले.

अंजूने त्यांना गाडीत बसवलं. काका फाटकाजवळ उभ्या असलेल्या टेम्पोच्या आड गेले. मी तिथेच होते. त्यांनी फोन लावला. "निघालीस का नलू? अंजूकडे जेवून घे वेळेवर." टॅक्सीत काकूंचा चेहरा उजळलेला मला दिसला. त्या मान हलवत होत्या, हसत होत्या, काहीतरी भरभरून सांगत होत्या. सांताक्रूझच्या वन्संबद्दल असावं.

टॅक्सी मागे येऊन वळली आणि टेम्पोला वळसा घालून थेट आमच्या समोर आली. काकांना सरकायला जागा नव्हती. त्यांनी फोन धरलेला हात झटकन पाठीमागे नेला. काकूंनी खिडकीतून त्यांना पाहिलं. हसू गेलं. फोन कानाला तसाच धरून त्यांनी दुसऱ्या हाताने काचेची मूठ फिरवली, भराभर, काच पूर्ण वर जाईपर्यंत, आणि सीटवर पलीकडे सरकल्या.

टॅक्सी रस्त्याला लागली. काका तिच्याकडे बघत हात मागे धरून उभे होते, आणि त्यांच्या पाठीमागून काकूंचा बारीक, घाबरलेला आवाज येत होता. "अहो, तो इथेच आहे. तुम्ही ऐकताय ना? अहो, बोला ना काहीतरी."